मेडशीच्या जुळ्या

अनसिंगचे पाहुणे हातपाय धुऊन ओसरीवर टेकले, तेव्हा चतुरा गोठ्यामागच्या चिंचेवर चढून बसली होती. रुख्मिणी आत लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होती आणि देवाला विनवत होती, की आजचा दिवस तरी हिला खाली उतरू देऊ नको.

ती उतरली. धपकन उडी मारून, ओच्यात चिंचा घेऊन, थेट पाहुण्यांच्या समोरून घरात शिरली.

"हे कोण?" नवरदेवाच्या आईनं विचारलं.

"जुळी बहीण हाय," दौलतकाका चाचरत म्हणाले. वडलांच्या मागे दोघींचं पाहणारा तोच एक चुलता होता.

पाहुणे हसले. त्यांना थट्टा वाटली.

थट्टाच वाटावी अशा होत्या दोघी. रुख्मिणी उंच, गोरी, नाकीडोळी नीटस, बोलणं तोलूनमापून. चतुरा ठेंगणी, काळीसावळी, घोगऱ्या आवाजाची. जत्रेत तंबूतला मुका सिनेमा पाहून आली, तर त्यातल्या फौजदाराची चाल करून दाखवत तिनं महिनाभर गल्ली हसवत ठेवली. रुख्मिणी तेवढी हसायची नाही. तिला लाज वाटायची.

लाजेच्या खाली भीती होती. मानमोडीची साथ आली तेव्हा मेडशी ओस पडलं होतं. लोक वावरात झोपड्या घालून राहिले होते. माय तिथंच बाळंत झाली आणि साथ सरल्यावर दोन पोरी घेऊन गावात आली. वावराला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा. पोरी वाढू लागल्या तशी पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली, की यातली एक तांड्यावरची. कोणती, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. चतुरा तर दिवस दिवस तांड्यावर म्हाताऱ्या नानीबाईपाशी बसून त्यांची बोली बोलायची. रुख्मिणीनं तिथं कधी पाय ठेवला नव्हता.

कुजबुज अनसिंगला पोचायला वेळ लागला नाही. नवरदेवाची आई पुन्हा आली, ती एकटीच. दौलतकाका वावरात होते, माय चुलीपाशी. त्या बाईनं रुख्मिणीलाच जवळ बसवून घेतलं.

"पोरी, खरं सांग. तुमच्यातली एक तांड्यावरची हाय म्हणतेत. आमाले घर पसंत हाय, तू पसंत हाय. पण रक्ताची गोष्ट झाकून चालत नाही."

रुख्मिणीनं चुलीकडे पाहिलं. मायची पाठ हलली नाही. फुंकणी हातातच राहिली.

"चतुरा तिकडची हाय," रुख्मिणी म्हणाली. "मायनं दया येऊन पोसली."

असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण बोलून टाकल्यावर ते खरंच असावं असं वाटलं, आणि जीव हलका झाला.

"मंग लग्नात ती मांडवात दिसू नये," बाई उठता उठता म्हणाली. "पुढंही येणंजाणं नको."

दुसऱ्या दिवशी चतुरानं गाठोडं बांधलं. ती भांडली असती तर रुख्मिणीला बरं वाटलं असतं. मायनं चतुराला पुढ्यात बसवलं, केसांना तेल चोळलं, सावकाश वेणी घातली.

"माय, तू काही बोलत काहून नाही?" रुख्मिणीनं न राहवून विचारलं.

"काय बोलू? हे मोडलं तर तुह्यासाठी दुसरं दार नाही, बाई. तिचं ती पाहून घेईन."

चतुरा दारात थांबली. "रुक्मे, मांडवात रडू नको. रडली का तुहं नाक लाल होते." आणि फौजदाराची चाल चालत तांड्याच्या वाटेला लागली. गल्लीत त्या दिवशी कुणी हसलं नाही.

लग्न झालं. अनसिंगच्या घरात रुख्मिणीला काही कमी नव्हतं. नवरा इंद्रभान शांत, समजूतदार माणूस. तरी घरात कुणी घोगऱ्या आवाजात हसलं, की तिचा हात ताटात थांबायचा.

हिवाळ्यात मायनं अंथरूण धरल्याचा सांगावा आला. रुख्मिणी धावत मेडशीला आली. मायनं तिला ओळखलं, तिचा हात हातात घेतला. पण नजर दाराकडेच होती.

"चतुरेले आण," ती म्हणाली.

सासूचा शब्द मोडून रुख्मिणी तांड्याकडे निघाली. बहिणीचे पाय धरायचे, असं वाटेत ठरवत होती. तिथं गेली तर चतुरा पाण्याला गेलेली. झोपड्यांपुढे आरशांचे घागरे वाळत होते, आणि त्यांच्यात एकच जुनं लुगडं. त्या झोपडीपुढे नानीबाई उन्हात बसली होती.

"मी रुख्मिणी. चतुरेले न्यायले आली," ती खालमानेनं म्हणाली. "तुमची लेक तुमच्या घरी आली, हे बरंच झालं. पण माय तिच्यासाठी जीव धरून हाय. एकडाव पाठवा."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून तिला निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चतुरा माही कोणी नाही, बाई. पाहुणी हाय. ती तिच्या मायच्या पोटची."

रुख्मिणी तिच्या पुढ्यात येऊन बसली.

"माही लेक मानमोडीत मेली. तिचं तान्हं दुधावाचून रडून राह्यलं होतं. चतुरा तवा मायच्या अंगावर पीत होती, म्हून मी ते तान्हंही त्या मायच्याच पदरात टाकलं. चतुरेले हे कवाचं ठाऊक हाय."

नानीबाई सरकत पुढे आली. तिनं आपला हात रुख्मिणीच्या गालावर ठेवला.

"तोंड तं अगदी माह्या लेकीचं हाय तुहं."