फेलेतीचा अंगठा

तिसऱ्या दिवशीही त्या फोटोला फेलेतीचा अंगठा आला नाही.

लुसियानेने विणता विणता फोन उचलला, पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. चटईच्या एकाच ओळीत दोन पाती चुकल्या होत्या. तिने त्या उसवल्या आणि परत चुकीच्याच घातल्या.

चौदा महिन्यांपूर्वी तिचा मुलगा वावाऊ बेटाच्या धक्क्यावरून बोटीत बसला आणि ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामाला गेला. आदल्या दिवशी बापाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तालियाईला मुलगा मळ्यावर हवा होता. "गेलास तर तोंड दाखवू नकोस," असं तो अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला होता. त्यानंतर फेलेतीचा ना फोन, ना निरोप. आई लिहायची ते त्यानं वाचलंय, एवढं तिला फोनवर दिसायचं. उत्तर मात्र कधीच नाही.

यायचा तो फक्त अंगठा. डुकराच्या पिल्लांचा फोटो टाकला, की संध्याकाळपर्यंत त्याखाली फेलेतीचं नाव. चर्चला जायची नवी टोपी, पावसात वाकलेली केळ, कशालाही. कधी अंगठ्याऐवजी लाल बदाम. अंगठा म्हणजे कामात आहे, बदाम म्हणजे घरची आठवण येतेय, असा तिने आपल्यापुरता अर्थ लावला होता.

"अंगठ्यावर जगतेस तू," तालियाई म्हणायचा. "एक शब्द लिहायला हात झडलेत का त्याचे?"

"तुला काय कळतंय त्यातलं? साधा फोन तरी आहे का तुझ्याकडे?"

"ती खुळं तुम्हा बायकांची." कोयता उचलून तो टेकडीवरच्या मळ्याकडे चालू लागायचा.

परवा तिने पहिल्यांदाच नवऱ्याचा फोटो टाकला. कंदांच्या ढिगाशेजारी बसलेला, अनवाणी, हसताना. सगळ्या ओळखीच्यांचे बदाम आले. फेलेतीचा काही नाही. काल तिने मुद्दाम फणसाएवढ्या पपईचा फोटो टाकून पाहिला. त्याला अंगठा आला. बापाचा फोटो तसाच कोरडा.

"म्हणजे राग अजून बापावरच आहे," शेजारची ओफा म्हणाली. "फोटोसुद्धा बघवत नाही गं त्याला."

जेवताना लुसियानेने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तालियाईचा हात घासाशी थांबला.

"मग नको टाकूस माझे फोटो."

"माफी माग त्याची."

ती उठणार, तेवढ्यात तो म्हणाला, "कशी मागायची?"

लुसियाने चपापली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. "तू बोल. मी लिहिते."

"लिही… मी ओरडायला नको होतं." मग घसा खाकरून, "बस. एवढंच."

तिने तेवढंच लिहिलं, वर त्याचा तोच फोटो लावला, खाली फेलेतीचं नाव आणि आपला नंबर दिला. तासाभरात नव्वद बदाम जमले. ती उठून ओफाच्या दारात गेली.

"बदाम घेऊन काय करू मी? माझा पोरगा कुठाय?"

"बदाम म्हणजे वाचलं आणि पुढे गेले," ओफा म्हणाली. "तुला शोधणारे हवेत. पुढे पाठवा म्हण त्यांना."

लुसियानेने लिहिलं: अंगठा नको, बदाम नको. पुढे पाठवा.

ओफाच्या ऑकलंडच्या बहिणीनं पाठवलं. तिच्या नणंदेनं पाठवलं. ब्रिस्बेनच्या एका चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांनी पाठवलं. लुसियानेने कधी नावही न ऐकलेल्या गावांतून माणसं पाठवत राहिली. फेलेतीचा अंगठा मात्र नाहीच. ती भाजी चिरताना फोन बघे, प्रार्थनेत डोळे मिटल्यावर मांडीवर तो थरथरल्याचा भास होई. तालियाईसुद्धा मळ्यातून लवकर यायला लागला. येऊन दारात उभा राहायचा.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी जेवण शिजत ठेवलेली जमिनीतली भट्टी उघडली, पानं वाढली, आणि फोन वाजला. परदेशातला, अनोळखी नंबर.

"आई?"

लुसियानेच्या हातातलं पान खाली पडलं. "फेलेती! अरे, कुठायस तू? जेवतोस ना नीट?"

"चर्चमध्ये एका बाईंनी फोन दाखवला. म्हणाल्या, हा तुझा बाप ना रे? आई, बाबांनी खरंच असं म्हटलं?"

"खरंच. इथेच बसलेत, माझ्यासमोर." तिने फोनचा आवाज मोठा केला. "ऐकतायत बघ."

"मला वाटलं होतं, तुम्ही मला टाकलंत."

"टाकलं? वेड्या, रोज तुझ्यासाठी फोटो टाकतेय मी! आणि तू बघत होतास की. पिल्लांना बदाम दिलास, माझ्या टोपीला दिलास. बाबांच्या फोटोला तेवढा नाही दिलास, म्हणून तर जीव टांगणीला लागला आमचा."

"कुठली पिल्लं?"

तालियाई वाढलेलं पान तसंच ठेवून उठला आणि दाराकडे निघाला.

"आई, मी काहीच बघितलेलं नाही. माझ्याकडे तुझा नंबरसुद्धा नव्हता गं. माझा फोन त्या दिवशी धक्क्यावर बाबांनी माझ्या हातातून हिसकावून घेतला होता."