पेढ्याचे नाक

मेझुझाचा दुसरा खिळा काही केल्या निघेना. जेकबभाऊंनी पक्कड खाली ठेवली, कपाळ पुसले आणि ती पुन्हा उचलली. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, ती बोटाएवढी पितळी नळी चाळीस वर्षे जरा तिरकी बसलेली होती. तिच्या पोटात ज्यूंची प्रार्थना लिहिलेली बारीक गुंडाळी होती. घरातून निघणाऱ्याने तिला बोटे लावायची, ती बोटे ओठांना टेकवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा.

"ऱ्हाऊ द्या की तिथंच," शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या. "दाराला काय जड झालाय तो?"

"घर घेणारा आमच्यातला असता तर ठेवला असता. तसा नाय, म्हणून काढून न्यायचा."

इंदुबाईंच्या मांडीवर जेकबभाऊंचा कुत्रा, पेढा, झोपला होता. फिकट बदामी अंग, काळे चपटे तोंड, कपाळावर काळजीत पडलेल्या म्हाताऱ्यासारख्या घड्या. त्याचा प्रत्येक श्वास घरघरत, अडखळत येत होता. रिकाम्या झालेल्या खोलीत तो आवाज आज मोठा वाटत होता.

चार वाजता गाडी विमानतळाकडे निघायची होती. जेकबभाऊ लीयाकडे, आपल्या मुलीकडे, इस्राएलला कायमचे चालले होते. पेढा जाणार नव्हता.

"कपाळाच्या घड्या रोज कापसाने पुसायच्या," ते खिळ्याकडे पाहतच म्हणाले. "दुपारी उन्हात न्यायचा नाय. पट्टा कधी ओढायचा नाय, श्वास कोंडतो. आणि बांगडा कितीही मागू दे, द्यायचा नाय."

"माज्या घरात बांगडा शिजणार आनि यानं नुसता वास घ्यायचा? मला पाप लागंल, भाऊ."

"मग काटा काढून. थोडा."

खिळा निघाला. नळी तळहातावर घेऊन जेकबभाऊंनी तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"तीन विमान कंपन्यांना विचारलं," ते म्हणाले. "चपट्या नाकाचं कुत्रं नेत नाय म्हणाल्या. वाटेत गुदमरतं. डॉक्टरही तेच म्हणाले. ही जात मुळात चीनची. राजांच्या मांडीवर वाढलेली. तिथून डच लोकांच्या गलबतांत बसून युरोपात गेली, महिनोन्‌महिने समुद्रात. तेव्हा बऱ्यापैकी नाक होतं यांना. मग माणसांना चपटं तोंड गोड वाटलं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपट्याशी चपटं जुळवत गेले."

"म्हंजे नाक मानसांनीच दाबलं," इंदुबाई म्हणाल्या, "आनि आता मानसंच सांगतात, तुला दम लागतो, तू येऊ नको?"

जेकबभाऊंनी मेझुझा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"तुमचं वाडवडीलबी गलबतातनंच आलेलं ना? नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं ते?" इंदुबाईंनी विचारले.

"व्हय. त्यांची नाकं कोणी मोजली नव्हती."

बाहेर हॉर्न वाजला. इंदुबाईंचा निलेश गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करी. हातावरचा सोनेरी रंग तसाच ठेवून तो गाडी घेऊन आला होता. त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. "काका, एवढंच सामान? काकी असती तर टेम्पो लागला असता."

"काकी असती तर मी निघालोच नसतो," जेकबभाऊ म्हणाले. मग आवाज खाली आणून, "इंदुबाई, तुम्ही याला घेऊन आत बसा. मी जाताना त्याला दिसायला नको."

त्या आतल्या खोलीत गेल्या. अर्धवट लोटलेल्या दारातून त्यांना जेकबभाऊंची पाठ दिसत होती. उंबऱ्याशी येताच त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला आणि चौकटीवर येऊन थांबला. तिथे काही नव्हते. जुन्या तेलरंगात एक उजळ पट्टा आणि खिळ्यांची दोन छिद्रे. बोटे लाकडावर थोडा वेळ तशीच राहिली. ती ओठांपर्यंत आली नाहीत. जेकबभाऊंनी हात खिशात घातला आणि ते खाली उतरले.

गाडीचा आवाज वळणावर गेला, हायवेच्या आवाजात मिसळला. पेढ्याने एक डोळा उघडला.

"चल रं बाबा," इंदुबाई म्हणाल्या. "आता आपल्या घरी."

घराची किल्ली त्यांच्या हातात होती. उद्या ती नव्या मालकाला द्यायची होती. त्यांनी पेढ्याला खाली ठेवले. तो आपली वळलेली शेपटी घेऊन दारापर्यंत आला आणि उंबऱ्यापाशी बसून राहिला. त्यांनी हाक मारली. बिस्कीट दाखवले. तो बिस्किटाकडेही बघेना. त्याने पुढचे दोन्ही पाय उजव्या चौकटीवर ठेवले आणि मान वर करून तो धापा टाकू लागला. त्यांचा हात पट्ट्याकडे गेला, पण पट्टा ओढायचा नव्हता.

मग त्यांना आठवले. पायऱ्या उंच, याचे पाय आखूड. म्हणून जेकबभाऊंची बायको रेचल याला नेहमी कडेवर घेऊनच उतरायची. ती गेल्यावर जेकबभाऊ. उंबऱ्याशी त्यांचा हात मेझुझाकडे जाई, तेव्हा हाही मान पुढे करून तिथे नाक टेकवी. आपल्या ओट्यावर बसून इंदुबाईंनी ते इतक्या वेळा पाहिले होते की कधी पाहिलेच नव्हते.

त्यांनी पेढ्याला उचलून कडेवर घेतले आणि चौकटीजवळ नेले.

पेढ्याने त्या दोन छिद्रांना नाक लावले. घरघरत एक लांब श्वास आत ओढला, मग आणखी एक. हळूहळू त्याचे ताठलेले अंग सैल पडले आणि त्याने मान त्यांच्या खांद्यावर टाकली. त्याच्या बाजूने आता निघायला हरकत नव्हती.

पाय इंदुबाईंचा उचलेना.