निम्मे गणवेश

"तीनशे गणवेश पंधरा दिवसांत एकटीने कसे शिवू?" सगुणाबाईंनी विचारलं.

"रूथकडे जा," पाळक म्हणाले.

रूथ शिवण शिकली ती सगुणाबाईंच्याच हाताखाली. दोन वर्षांपूर्वी त्यांची गिऱ्हाइकं घेऊन तिने वेगळं दुकान काढलं. तेव्हापासून दोघी चर्चमध्ये लांब लांब बसत.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई कापडाचा गठ्ठा घेऊन तिच्या दुकानात गेल्या. "निम्मे गणवेश तू शिव."

रूथने गठ्ठा घेतला, पण मान वर केली नाही. "बाई, मला कॉलर अजून तुमच्यासारखी जमत नाही. विचारायला यायचं होतं, धीर झाला नाही."

सगुणाबाईंनी चष्मा लावला आणि त्या तिच्या मशीनवर बसल्या. "बघ, कापड ओढायचं नाही. सैल सोडायचं."

रूथने स्टूल जवळ घेतलं. दुपारी दोघी एकाच ताटात जेवल्या.