पहिला टेकू

"काढायचे का, ताई?" मुकादमाने हातोडा खांद्यावर घेत विचारलं.

इंजिनीयरने वर पाहिलं. दहा दिवसांपूर्वी ओतलेला स्लॅब, त्याला खालून धरून उभी असलेली लोखंडी टेकूंची दाटी, आणि मधोमध मुकादमाने निवडलेला पहिला टेकू. खोलीला अजून दार नव्हतं, नुसती चौकट होती. चौकटीबाहेर ठेकेदार उभा होता. त्याच्यामागे चार माणसं हातावर हात ठेवून बसली होती. हेच टेकू वरच्या मजल्याला लागणार होते. ते निघेपर्यंत त्यांना काम नव्हतं.

"दहावा दिवस आहे, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "साध्या सिमेंटला दहा दिवस पुरतात. तुमच्या राखेला पुरत नसतील तर तसं सांगा. वरचे सहा मजले साध्या सिमेंटचे करून टाकू. विषय संपला."

विषय इतक्या सहज संपणारा नव्हता. वीजघराची राख मिसळून सिमेंट निम्म्यावर आणायचं, तेवढाच सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर कमी करायचा, यासाठी तिने सहा महिने या माणसाचं डोकं खाल्लं होतं. अर्धी साइट तिला हसली होती. "राखेनं भांडी घासतात, ताई," असं हा मुकादमच सगळ्यांदेखत म्हणाला होता. तरी तिने हट्टाने हा एक स्लॅब पदरात पाडून घेतला होता.

आणि आता तिच्या खिशात सकाळचा कागद होता. याच काँक्रीटचा एक ठोकळा प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबला होता आणि तो हव्या त्या आकड्याच्या आधीच फुटला होता. फार आधी नाही, थोडासाच. राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, पण होतं ते पक्कं. आणखी चार दिवस मिळाले की झालं.

"चार दिवस द्या," ती म्हणाली.

"आज चार, पुढच्या मजल्याला चार, त्याच्या पुढच्याला चार. इमारत बांधायचीय का नुसती वाट बघायचीय? आज काढा, नाहीतर राख बंद."

मुकादमाच्या टोळीची एक रीत होती. पहिला टेकू पाडताना, 'काढा' म्हणणाऱ्याने त्याच छताखाली उभं राहायचं. कागदोपत्री कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्याशिवाय हातोडा उचलला जात नसे. म्हणून ती आत उभी होती.

स्वतःच्या जिवाची भीती तिला वाटत नव्हती, हे खरं. उलट वाटत होतं, 'काढा' म्हणून टाकावं. नव्वद टक्के काही होणार नाही. स्लॅब हलणारही नाही, ठेकेदाराचं तोंड कायमचं बंद होईल, सहाच्या सहा मजले राखेचे होतील. एका शब्दाचं तर काम होतं.

तिने तोंड उघडलं. मुकादम तिच्यापासून दोन हातांवर होता. तो स्लॅबकडे बघतच नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि हातोडा खांद्यावरून खाली आला होता.

"नाही," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "सकाळी ठोकळा फुटलाय. हा कागद. मी 'काढा' सांगणार नाही."

ठेकेदाराने कागद वाचला नाही. "अस्सं. मग मी सांगतो. मुकादम, काढा."

मुकादम एक पाऊल बाजूला सरकला. आपल्या शेजारी त्याने एका माणसापुरती जागा केली.

"या, साहेब."

"मी कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना."

बाहेर बसलेली चार माणसं उभी राहिली. ठेकेदाराने एक पाय चौकटीच्या आत टाकला. मग वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळावरचा घाम त्याने मनगटाने पुसला आणि पाय मागे घेतला.

"चार दिवस," तो म्हणाला. "मग पुन्हा ठोकळा फोडा. टिकला तर राख राहील. नाही टिकला तर मला तोंड दाखवू नका."

तो जिना उतरून गेला तशी ती फळ्यांच्या ढिगावर मटकन बसली. का कोण जाणे, तिला मुकादमाचाच राग आला.

"मी 'काढा' म्हणाले असते, तर खरंच मारला असता हातोडा?"

"मारला असता की," मुकादम म्हणाला.

"तुमचा तर राखेवर विश्वास नव्हता."

"राखेवर नाहीच, ताई. पण सहा महिने तुम्हाला बघतोय. तुम्ही काढा म्हणाला असता, तर तुम्हाला कळतंय म्हणून मारला असता."

हातोडा भिंतीला टेकवून तो जिन्यापाशी गेला आणि मान वर करून ओरडला, "अगं, ऐकलंस का? स्लॅबवरची पोती अजून चार दिवस भिजवायची!"

"बरं!" त्याच्या बायकोचा आवाज आला. बरोबर त्या पहिल्या टेकूच्या वरून.