रंगवलेल्या काचा

साखळी तुटली तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला. हवेलीच्या नव्या मालकाने अंगणातून जाणारी गावाची जुनी पायवाट साखळी लावून बंद केली होती. म्हणे, इथनं कुणी चालतच नाही! पिढ्यानपिढ्या गाव याच वाटेने चर्चला गेलं, पण पैसेवाल्याला माणसं दिसतात कधी?

"चल ग्वेन, त्याच्या नाकासमोरून जाऊ," मी बायकोला म्हणालो.

"थांब, बुटांचा चिखल त्याच्याच अंगणात झाडते," ती काठी टेकत खिदळली.

हवेलीची एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे. विटांवर नुसत्या काळ्या काचा रंगवल्यात. त्या रंगात आज आम्ही दोघं दिसलो. आमच्यामागे माणसंच माणसं होती. जुन्या टोप्या, शाली, खांद्यावर पोरं.

मी वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

"बघितलंस? कोण म्हणतं कुणी चालत नाही!" ग्वेन आनंदाने ओरडली आणि खिडकीकडे हात हलवू लागली. खिडकीतल्या सगळ्यांनी तिला हात हलवून बोलावलं. माझी छाती अभिमानाने फुलली.

"चल की रे म्हाताऱ्या, सगळे पुढं निघाले!"

ग्वेनचा आवाज भिंतीतून आला.

माझ्या शेजारी तिची काठी उभी होती. कुणीही न धरता.