उद्या पुन्हा विचारा

"माझी फाइल तुम्हीच दाबून ठेवलीय ना? सरळ सांगा!" नर्स व्हिसा ऑफिसच्या खिडकीशी येऊन कडाडली. नवऱ्याला या देशात आणायचा तिचा अर्ज कधीचा 'विचाराधीन' होता. ड्यूटी संपली की ती थेट इथे यायची आणि चारचौघांत या म्हाताऱ्या कारकुनाला कामचुकार म्हणून जायची.

आज त्याने आजूबाजूला पाहिलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. "अर्जाला जोडलेले तुम्हा दोघांचे मेसेज वाचून मशीनने ठरवलंय की हे लग्न खोटं आहे. मेसेज अगदी मोजके, आणि आहेत ते सगळे भांडणाचे."

"अहो, ड्यूटी सोडली तर आमचा सतत व्हिडिओ कॉल चालू असतो! मेसेज आम्ही फक्त अबोला धरला की करतो!"

कारकुनाला हसू फुटलं. "आमच्या घरीही तसंच आहे."

"मग माझं म्हणणं लिहा ना त्यात!"

"लिहायला जागाच नाही, ताई. दोनच बटणं आहेत."

ती वाकली. एकावर होतं 'नामंजूर करा', दुसऱ्यावर 'उद्या पुन्हा विचारा'. कारकुनाने सवयीने दुसरं दाबलं.

तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तुम्ही रोज...?"

"शुक्रवारी मी रिटायर होतोय," तो चष्मा पुसत म्हणाला. "माझ्या जागी येणारी मुलगी फार कामसू आहे. काही म्हणजे काही उद्यावर टाकत नाही."