छपरावरचा बर्फ

डिसेंबरात मी देवळात नवसाची लाकडी पाटी टांगली: 'यंदा भरपूर बर्फ पडू दे.' बर्फ नसला की स्कीवाले पाहुणे माझ्या लॉजकडे फिरकतसुद्धा नाहीत.

देव पावला, जरा जास्तच. शेजारच्या त्सुनेयो आजींच्या छपरावर कमरेएवढा थर साचला. वजनानं छप्पर खचू नये म्हणून तो दरवर्षी मीच उतरवून देतो.

"आजी, आज लॉज फुल्ल आहे. उद्या नक्की येतो."

"अरे मासातो, आधी पाहुणे बघ. माझं छप्पर कुठे पळून जातंय!"

असे तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी आजी स्वतःच फावडं घेऊन वर चढल्या आणि घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना गाडीत घालत होतो तेव्हा माझे पाहुणे भुसभुशीत बर्फ बघून टाळ्या पिटत होते.

हॉस्पिटलातून मी तडक देवळात गेलो. म्हटलं, आपली ती पाटी आधी काढून टाकावी.

तिच्या शेजारीच दुसरी एक पाटी होती. अक्षर थरथरतं.



'बर्फ पडू दे. मासातोचं लॉज भरू दे. — त्सुनेयो, वय चौऱ्याऐंशी.'